कुणाच्या ढिगात

धरणाच्या पाण्याखाली आमचं गाव जाणार हे पक्कं झाल्यावर सरकारी माणसं आली आणि सगळं मोजून गेली. भिंती मोजल्या, विहीर मोजली, बांधावरचे लिंब मोजले, परसातला शेवगासुद्धा सोडला नाही. माणसं मात्र त्यांनी खातेदार म्हणून मोजली. माझे वडील एक खातेदार, काका दुसरे. आत्या कुणीच नव्हती. आज हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, खुद्द आत्यालाही नाही.

गाव गोदावरीकाठचं, शेवगाव तालुक्यातलं. वडिलांना घरात सगळेच दादा म्हणत, आम्ही मुलंसुद्धा. दादांनी शेवगावच्या अलीकडच्या माळावर, नव्या गावठाणात जागा घेतली. काकांनी जमीन धरली ती पार मिरजगावकडं, काकूच्या माहेराजवळ. गावातल्या टवाळांनी त्यांना पारावर विचारलं, "काय पाव्हनं, आता सासऱ्याच्या दारातच बैल बांधनार म्हना की!" काका हसले. चामडी जाड असली की हसायला सोपं जातं. तर असं एक घर फुटून दोन ठिकाणी चाललं होतं, आणि घरातल्या वस्तूंची वाटणी करायची होती. ते काम अर्थातच आत्याकडं आलं.

आत्या दादांच्या पाठची, काकांच्या आधीची. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई आणून घरात बसवली, त्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. आमच्याकडं रीत अशी, की सासरी गेलेली लेक एकटी माहेरी येत नाही. तिला आणायला माहेरचा कुणीतरी जावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. आत्यानं निरोपावर निरोप धाडले. दिवाळी आली, तिच्या जावांचे भाऊ येऊन आपापल्या बहिणी घेऊन गेले. आत्या उंबऱ्यात बसून राहिली. तिचे दोन्ही भाऊ धडधाकट, घरात बैलगाडी. पण आणलं की ठेवून घ्यावं लागेल, हे दोघांनाही न शिकवता कळत होतं. शेवटी आत्या एकटी, पायी, नेसत्या लुगड्यानिशी आली. तिची लग्नातली भांडी तिकडंच राहिली. तेव्हापासून काही खुट्ट झालं की तिला ऐकवायचं, "बोलावल्याबिगर आलीया." आईनंही ऐकवलं, काकूनंही. पाणी भरावं आत्यानं, गोठा काढावा आत्यानं, आई-काकूची बाळंतपणातली अंगं शेकावी आत्यानं, आणि ऐकूनही तिनंच घ्यावं. मऊ लागलं की कोपरानं खणायचं, ही आमच्या घराची खरी विद्या. आत्या उलटून बोलत नसे. फक्त एक गोष्ट तिनं स्वतःशी बांधून घेतली होती: बोलावल्याशिवाय ती पुन्हा कुठं गेली नाही. शेजारच्या बारशाला जायचं, तरी आत येऊन कुणी "चला" म्हटल्याशिवाय ती उठत नसे. लोक त्याला ताठा म्हणत.

मी तेव्हा सतरा वर्षांची, लग्नाला आलेली, घरातली मोठी मुलगी. आत्याच्या हाताखाली मी होते. ओसरीवर तिनं तीन ढीग घातले. भिंतीकडचा दादांचा, दाराकडचा काकांचा, आणि अंगणातला टाकून द्यायचा. भांड्यांचं सोपं होतं. आमच्याकडं लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं आणि जिला दिलं तिचं नाव कोरलेलं असतं. आत्याला वाचता येत नव्हतं, तिला भांडी पोच्यांवरून ओळखू यायची. "ह्यो हंडा तुज्या आईचा, ही कळशी काकूची, हिच्या बुडाला डाग दिलेला हाय," असं म्हणत ती उजवी-डावी सारत जाई. मी नाव वाचून बघायचे. एकदाही चुकली नाही. ढिगांत तिच्या नावाचं भांडं नव्हतं, फुलपात्रसुद्धा नाही.

बाकीच्या वस्तूंवरून मात्र रोज नवा तमाशा. ज्या पाट्याकडं आई दहा वर्षं ढुंकून बघत नव्हती, कारण तो मधोमध झिजला होता, त्याच्यावर काकूनं हात ठेवल्याबरोबर आईला त्याच्यावर वाटलेली चटणी आठवली. काकांनी फुटक्या काचेचा कंदील, चेन नसलेली सायकल आणि भजनी मंडळाचा फाटका पखवाज स्वतःच्या ढिगात ठेवला. पखवाज त्यांनी जन्मात वाजवला नव्हता. दादांनी मोडक्या नांगराचा फाळ, गंजके खिळे आणि मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ राखली. टाकून द्यायच्या ढिगात सकाळी ठेवलेलं संध्याकाळपर्यंत कुणीतरी गुपचूप उचलून न्यायचं. अंगणातला तो ढीग शेवटपर्यंत वाढलाच नाही. टाकवत नाही, टाकवत नाही, असं दोघे भाऊ एकमेकांना ऐकवत होते, आणि त्यांचे डोळे भरून येत होते. घुंगरमाळेसाठी.

गोधड्या आत्याच्याच हातच्या. जुन्या लुगड्यांच्या, बारीक टाक्यांच्या, कडेला लाल पट्टी लावलेल्या. त्यांचे दोन समान भाग करताना आई आणि काकू पहिल्यांदा एकमेकींशी गोड बोलल्या. गोड बोलायला कारण होतं.

"वन्सं," काकू म्हणाली, "तुमच्याबिगर थोरल्या घरचं पान हलायचं न्हाई. जाऊबाईंचं गुडघं किती दुकत्यात!"

आई कशाला मागं राहते! "माझ्या गुडघ्याचं काय, पोरी हायेत मला. तुजी लेकरं तान्ही. वन्सं तुज्याकडं असल्या म्हंजी मला काळजी न्हाई."

दोघींच्या मध्ये बसून आत्या गोधड्यांच्या घड्या घालत होती. कुणी तिला विचारलं नाही, "वन्सं, तुमाला कुठं यावंसं वाटतंय?" त्या दुपारी आई आत येऊन माझ्यापाशी पुटपुटली, "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं." मी म्हटलं, "आत्या व्याह्यानं नाही धाडली, ती ह्याच घरात जन्मलीय. घोडं तर तू आहेस, बाहेरून आलेलं." आईनं मला लाटणं फेकून मारलं. ते माझ्या कोपराला लागलं आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

रात्री जेवताना मी दादांनाच विचारलं, सगळ्यांसमोर. "आत्या कुणाकडं?"

दादांनी भाकरी कुस्करली. "बघू की. ती काय परकी हाय व्हय?"

काका म्हणाले, "आक्काला कुठंबी राहू दे, दोनी घरं तिचीच."

चुलीपुढं बसून आत्या भाकरी थापत होती. दोन्ही घरं तिचीच, हे ऐकून तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं, की दोन घरं असणाऱ्या माणसाला एकही नसतं. पण मी ओरडून उपयोग काय होता? आमच्यात पोरीच्या शब्दानं कुणी गाडीत बसत नाही.

निघायचा दिवस ठरला. त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. पाण्यात बुडणार म्हणून गाव सोडायचं, आणि बैलांना पाजायला मात्र नदीच्या पात्रात झिरा खणायचा, अशी आमची तऱ्हा. सकाळी काकांचा ट्रक भरला. पखवाज चढला, सायकल चढली, अर्ध्या गोधड्या चढल्या. आत्या दारात उभी राहून एकेक वस्तू वर देत होती. सगळं भरून झालं तेव्हा तिच्या हातात काही उरलं नाही, आणि ती तशीच उभी राहिली. काका खाली वाकले, तिच्या पायाला हात लावला, "येतो आक्का," म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. काकूनं तिला कुंकू लावलं नाही, कारण नवऱ्यानं टाकलेलीला लावावं की नाही हे तिला ठरवता आलं नाही. ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत दादा तिकडं बघत राहिले. आत्याला तिकडं नेलं नाही म्हणून ते चरफडत होते, हे त्यांच्या मानेवरून मला कळत होतं.

दुपारी आमच्या गाड्या. गड्यांनी वासे, तुळया, पत्रे आधीच उतरवून भरले होते. त्यावर हंडे, कणग्या, गोधड्या. आई पोरांना घेऊन चढली. दादा दोर आवळत होते. आत्याचं गाठोडं भिंतीशी होतं. दोन लुगडी, एक तवा, सुया-दोऱ्याची पिशवी. मी गाडीतून उतरून तिच्याकडं गेले.

"आत्या, चल की."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "तू न्हाई गं. तुज्या बापाला म्हनू दे."

ती हे हळू म्हणाली नव्हती. दादा दहा पावलांवर होते. त्यांनी दोराला आणखी एक पीळ दिला, गाठ मारली, गाठ ओढून बघितली. मग कासरा हातात घेऊन म्हणाले, "चला रे." ते गड्यांना म्हणाले होते. वाटेत आईनं विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं, "तिच्या मनातच न्हवतं यायचं. लई ताठा." काकांनीही मिरजगावला हेच सांगितलं असणार. पुढं कितीतरी वर्षं दोघे भाऊ लग्नकार्यात भेटले, की एकमेकांना म्हणायचे, मला वाटलं ती तुझ्याकडं येतेय. दोघेही खोटं बोलत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात दादा एक गाडी घेऊन परत गेले. घराच्या दाराची सागवानी चौकट काढायची राहिली होती. मी हट्टानं सोबत गेले. आत्याला मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. नंतर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्याचं कळलं. कुणी तिला पाथर्डीच्या रस्त्यावर बघितलं, कुणी आणखी कुठं. दादा म्हणत, शोध घेतो. घेतला नाही.

त्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा छप्पर नसलेल्या घरात तिनं एका कोपऱ्यावर लुगडं ताणून सावली केली होती. जमीन शेणानं सारवलेली होती. बैलांचा आवाज ऐकून ती बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि लगबगीनं आत गेली. गाठोडं बांधून, पदर सारखा करून ती गाडीपाशी येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर अशी लाज होती, जशी मुराळ्याला पाहून नव्या नवरीच्या चेहऱ्यावर असते. मला ते बघवेना.

दादा म्हणाले, "बरं झालं हायेस ते. पलीकडनं हात लाव."

तिनं गाठोडं खाली मातीत ठेवलं आणि चौकटीला हात लावला. दादा एका बाजूला, आत्या आणि मी दुसऱ्या. चौकट गाडीत आडवी बसेना म्हणून तिरपी घातली, तेव्हा गाडीत माणसाला बसायला जागा राहिली नाही. दादा घाम पुसत तिच्याकडं न बघता बोलले, "धाकल्याचा ट्रक येनार हाय कडब्याला. त्यात जा." मिरजगावहून इथवर कडब्याला ट्रक येणार! त्या दुष्काळात कडबाच कुणाकडं नव्हता.

आत्यानं मान हलवली. मग ती पुढं झाली, बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली आणि म्हणाली, "न्यायाचं काय राह्यलं न्हाई न्हवं, दादा? नीट बघून घे. पुन्ना हेलपाटा नगं तुला."

दादांनी खरोखर बघितलं. भिंतींकडं, कोनाड्यांकडं, चुलीकडं, सगळीकडं नजर फिरवली.

"न्हाई," म्हणाले, "समदं झालं."