दुसरी वेलांटी

आमच्या ह्यांना पेपरात सगळे वेलांटीकाका म्हणतात. एकतीस वर्षं प्रुफं तपासली, म्हणजे बातमी छापायला जाण्याआधी तिच्यातल्या चुका काढल्या. घरीही तेच. मी सामानाची यादी केली तरी हे लाल पेन घेऊन बसणार. लग्नाआधी मी पाठवलेली पत्रंसुद्धा दुरुस्त करून परत आली होती. तरी लग्न केलं, आता बोलून काय उपयोग!

छापील अंक रोडावला तसं ह्यांना वेबसाइटवर बसवलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली, म्हणून मुकाट्याने गेले.

मागच्या आठवड्यात शाळांचे निकाल लागले. हे कामावर पोचले तर स्क्रीनभर 'परिक्षा', पहिल्या वेलांटीची. तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला न विचारता ह्यांनी एकूण एक 'परिक्षा'ची 'परीक्षा' केली आणि समाधानाने डबा उघडला. डबा संपेपर्यंत त्या पानाचे वाचक निम्म्यावर आले होते.

संपादकीणबाई आमच्या लेकीच्या वयाची. तिने आत बोलावलं. ओरडली नाही बिचारी. लोक मोबाइलवर शोधताना चुकीचंच टाइप करतात, म्हणून चूक मुद्दाम ठेवली होती, बरोबर लिहिलं की आपलं पान खाली जातं आणि वाचक दुसऱ्या पेपराकडे जातो, असं तिने समजावलं.

"काका, पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही," ती म्हणाली. "चूक परत घाला. तुमच्याच हाताने."

ह्यांनी घातली. एकेचाळीस ठिकाणी.

तेव्हापासून घरात नुसता गोंधळ. वाचक नसेल तर पेपर कोणासाठी, हे म्हणतात. लगेच म्हणतात, पण मग पोरं तसंच वाचणार, तसंच लिहिणार, पुढच्या वर्षी तसंच शोधणार, त्याचं काय? एकदा मी चिडून म्हटलं, नोकरी आहे ना, गप्प बसा. मग मलाच वाईट वाटलं.

काल हे नातीला शुभेच्छापत्र लिहायला बसले. तिची परवा गाण्याची परीक्षा. 'तुझ्या पर' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

"अगं," हे म्हणाले, "पहिली की दुसरी?"

संसारात पहिल्यांदाच ह्यांनी मला शुद्धलेखन विचारलं. दुसरी, मी सांगितलं. ह्यांना पटेना. नक्की का, कशावरून, असं दोनदा विचारलं आणि शेवटी मोबाइल काढून शोधायला लागले.

सगळ्यात वर ह्यांच्याच पेपराचं पान आलं. पहिल्या वेलांटीचं.

"हे तर मीच लिहिलंय," हे म्हणाले, आणि पेन माझ्या हातात दिलं.