भाऊला जपानी येत नव्हतं

प्रवीणचा फोन आला तेव्हा मी जळगावला घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, पप्पा गेले," एवढंच तो बोलला आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढली, असली वाक्यं मीच दुसऱ्यांना सांगत आले. आपल्याला कोणी सांगितलं की काय करायचं असतं, ते मात्र ठाऊक नव्हतं. उरलेली मेथी निवडून झाली, मग उठले आणि धुळ्याची बस धरली. पारोळ्यापर्यंत डोळे कोरडे होते. पारोळ्याला एक बाई चढली, "ताई, सरका ना जराशा," म्हणाली... आणि तिथे मात्र मला आवरेना. तिने बिचारीने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

भाऊच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, धुळ्यातल्या आमच्या वस्तीचं समाजमंदिर भरून गेलं होतं. मेलेला माणूस भाषणात दोन बोटं उंच होतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक निवृत्त मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "उत्तमभाऊंना जपानी भाषा अवगत होती. अख्खा जपानी सिनेमा त्यांनी भर सभेत अहिराणीत उलगडून सांगितला होता." माना डोलल्या. माझा भाचा प्रवीण समोरच बसला होता, त्याची मान बापाच्या अभिमानाने ताठ झाली. जेवणं झाल्यावर तो मला म्हणाला, "आत्या, पप्पांच्या अभ्यासिकेत त्यांच्या फोटोखाली 'जपानी भाषेचे जाणकार' असं लिहायचं ठरवलंय." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कारण माझ्या भावाला जपानीतला एक शब्द येत नव्हता, आणि त्याने आयुष्यात जे सगळ्यात मोठं काम केलं ते त्यामुळेच केलं.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊ सुरतेच्या कापड गिरणीत दोन वर्षं राबून परत आला होता आणि व्हिडिओ लायब्ररी काढायचं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. समाजमंदिराला लागून एक खोली होती, तिच्यात सतरंज्या आणि भोंगा ठेवत. ती त्याला हवी होती. आता त्या काळात व्हिडिओ म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर पडदे लावलेली अंधारी जागा आणि आतला वंगाळपणा यायचा. आमचे पंच म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले आबा. त्यांनी भाऊला खाली बसवलं आणि सांगितलं, "आधी दखाड, काय दखाडनार शे ते. मंग खोलीनं दखूत." बुद्धपौर्णिमेला सगळ्या वस्तीसमोर एक सिनेमा दाखवायचा, आणि त्यावर खोली मिळायची की नाही ते ठरायचं, असा हा मामला होता.

भाऊच्या सुरतेच्या दोस्ताने एक कॅसेट पाठवली. खोक्यावर जपानी अक्षरं आणि चित्र असं की भल्यामोठ्या बुद्धमूर्तीसमोर काळा कोट घातलेला एक माणूस हात जोडून उभा आहे. जपान म्हणजे बौद्धांचा देश, समोर तथागत, हात जोडलेले, मग सिनेमा दुसरा कशाचा असणार? भाऊला पटलं, आबांना पटलं. मी कोणाला हसत नाही, कारण मीच आईला सांगून ठेवलं होतं की यात लुंबिनीसुद्धा दाखवणार आहेत. आधी लावून बघायला आमच्याकडे व्हीसीआर कुठला? तो आणि रंगीत टीव्ही आग्रा रोडवरून त्या एका दिवसापुरते भाड्याने यायचे होते.

सकाळी वंदना झाली, पंचशील झालं, खीर वाटली. दुपारी खिडक्यांना ओली पोती लावून अंधार केला. बाहेर धुळ्याचं मे महिन्यातलं ऊन, आत दीड-दोनशे माणसं, पुढे बायका-मुलं. सिनेमा सुरू झाला. पावसात एक माणूस टपरीवर वाडगाभर शेवयांसारखं काहीतरी खातो, हात धुतो, जिना चढतो आणि आंघोळीच्या टबात बसलेल्या एका जाड्या माणसाला गोळी घालतो. थंडपणे. मग टॉवेलने पिस्तूल पुसतो. सुपारी घेऊन माणसं मारणारा होता तो.

"उत्तम, हाऊ कोन शे?" आबांनी विचारलं.

मी भाऊच्या मागेच बसले होते. त्याच्या मानेवरून घामाची धार उतरताना मला दिसली. माणसं मारत सुटलेला एक क्रूर मनुष्य, त्याला बुद्ध भेटतो आणि तो शस्त्र टाकून देतो, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही माहीत असते. बुडत्याला तीच काडी सापडली. भाऊ म्हणाला, "आबा, हाऊ तोच शे... मानसे मारनारा. पुढे त्याले बुद्ध भेटी."

आणि मग सुटला की हो आमचा भाऊ. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की हा अहिराणीत बोलायचा. चिरूट ओढत पाकीट देणारा शेठ झाला दुष्ट राजाचा प्रधान. मारेकऱ्याला कुठून तरी फोन यायचा, तर ती त्याची म्हातारी आई, "बेटा, घर ये, भाकर थंडी व्हई राह्यनी," म्हणणारी. दारूच्या अड्ड्यात तोकडे कपडे घालून गाणारी एक बाई होती, तिला त्याने अनाथ करून टाकलं आणि ते गाणं म्हणजे प्रार्थना. पुढे बसलेल्या बायका त्या अनाथ बाईसाठी डोळे पुसायला लागल्या. खोटं सांगावं तर इतकं रंगून... मला हसू येत होतं.

शेवटी ते चित्र आलं. मोठी मूर्ती, तिच्यासमोर काळा कोट. माणसाने हात जोडले, ओठ हलले. भाऊचा आवाज भरून आला. तो म्हणाला, "दखा, क्षमा मांगी राह्यना." सगळ्या मंदिरातून एकदम "साधु, साधु, साधु" असा गजर झाला. आईने हात जोडले. आबांनी जोडले. आणि त्या माणसाने मूर्तीच्या मागे हात घालून लांब बंदुकीचे तुकडे बाहेर काढले आणि एकेक करून जोडायला बसला.

अजूनही वेळ होती. मी पुढे वाकून भाऊच्या कानात म्हटलं, "मार शे म्हन ना. मार त्याले भुलाडी राह्यना." तथागतांना भुलवायला मार, म्हणजे तो मोहात पाडणारा, आला होता, तर या बापड्याला का नाही येणार? आणखी एक खोटं, बस. लोक मानायला तयार होते, त्यांना तेच हवं होतं. भाऊने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि सिनेमा थांबवला.

टीव्हीच्या बाजूला उभा राहून म्हणाला, "आबा, मी खोटं बोलनू. माले जपानी येत नही. हाऊ सिनेमा कसाना शे, माले ठाऊक नही. खोकावरलं चित्र दखीसन लई उनू." सकाळी त्याच जागी आम्ही सगळ्यांनी खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं. मला त्या क्षणी भाऊचा राग आला होता, हे कबूल करते. खोली गेली, दोन वर्षांचं स्वप्न गेलं, आणि वर सगळ्या वस्तीसमोर शोभा.

आबांनी थांबलेल्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाकीना सिनेमा शिल्लक शे ना? लाव मंग. आते कोनी बोलू नका."

उरलेली वीसेक मिनिटं दोनशे माणसांनी मुकाट्याने पाहिली. मारेकऱ्याने नेम धरला, एक म्हातारा पडला. हा खाली उतरला, पुन्हा त्याच टपरीवर वाडगाभर शेवया खाल्ल्या आणि गर्दीत मिसळून गेला. पडद्यावर मुंग्या आल्या. आई, जिला अक्षर वाचता येत नव्हतं, ती हळूच म्हणाली, "याले कोनी भेटनंच नही." तेवढं एक वाक्य. नंतर मोठमोठ्या लोकांची परीक्षणं वाचली मी, पण एखाद्या सिनेमाबद्दल याहून खरं काही वाचलेलं नाही. आबांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि भाऊला म्हणाले, "खोली ले. पन हरेक कॅसेट आधी सोता दखानी, मंग लोकेसले देवानी. आनि खरं सांगानं."

भाऊने ते अक्षरशः पाळलं. प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत स्वतः बघायचा आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवायचा : 'मारामारी भरपूर. गाणी बरी. शेवटी बाप मरतो, हळव्या माणसाने घेऊ नये.' गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो भाऊ, शेवट कशाला सांगता?" हा ढिम्म. पण ज्या काळात व्हिडिओच्या दुकानाकडे बायका बघतसुद्धा नसत, त्या काळात लोक आपल्या मुलींना त्याच्या दुकानात एकट्या पाठवायचे, आणि दूरदूरच्या वस्त्यांतून यायचे. मला विचाराल तर धुळ्यात एवढी इज्जत कुठल्या व्हिडिओवाल्याने कमावली नसेल. पुढे सीडी आली, मग मोबाइल आला. तेव्हा भाऊने स्वतःच्या हाताने कपाटं बाहेर काढली आणि त्या खोलीची पोरांसाठी अभ्यासिका केली. जपानी सिनेमाची कथा मात्र लोकांच्या तोंडी वाढत गेली. भाऊ म्हणायचा, "नही रे बाबा, माले नही येत," तर लोकांना तो विनय वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात प्रवीणने कुठून तरी त्याच सिनेमाची नवी डिस्क शोधून पाठवली, चकचकीत, खाली इंग्रजी अक्षरं येणारी. मी मुद्दाम धुळ्याला गेले. आम्ही दोघं म्हातारे चष्मे लावून बसलो, मी वाचायचे आणि त्याला सांगायचे. अनाथ बाईचं गाणं अगदीच चावट निघालं. फोन आईचा नव्हता, टबात मेलेल्याच्या भावाचा होता, धमकीचा. भाऊ खो-खो हसत होता. मग मूर्तीसमोरचा प्रसंग आला, ओठ हलले, आणि खाली अक्षरं आली, 'जे करायला आलोय, त्याची आधीच क्षमा कर.' मी उडालेच. म्हटलं, "भाऊ, क्षमाच मागत होता की. तू खरं सांगितलं होतंस." बोलाफुलाला गाठ पडली होती. भाऊने डिस्क थांबवली. चष्मा काढून म्हणाला, "खरं निंघनं तं निंघनं. माले कोठे ठाऊक व्हतं, कमल? मी तं खोटंच बोलेल व्हतू." ती आमची शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रवीणला हे सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "आत्या, लोक चांगलं म्हणताहेत, तर म्हणू दे ना. गेलेत ते आता." मी म्हटलं, तुझा बाप आहे, तुला वाटेल ते लिही. आणि पिशवी भरायला घेतली. रविवारच्या वंदनेपर्यंत थांब, असं त्यानेच सांगितलं, म्हणून थांबले.

रविवारी वंदना संपल्यावर प्रवीण उठून पुढे गेला. नाशकात मोठ्या हुद्द्यावर आहे, नेहमी शुद्ध बोलतो. "माझ्या वडिलांबद्दल परवा इथे जे सांगितलं गेलं..." अशी सुरुवात केली आणि अडखळला. मुख्याध्यापक पहिल्याच रांगेत होते. मग म्हणाला, "त्यासले जपानी येत नव्हती. त्या खोटं बोलनात, आनि 'मी खोटं बोलनू' असं आठेच उभा राहीसन सांगं त्यासनी." हात कुठे ठेवावेत हे न कळून प्रवीण तसाच उभा होता. मी मागे बायकांत बसले होते. शेजारी वस्तीत नवीनच आलेली एक बाई होती, तिने विचारलं, "कोना पोऱ्या शे हाऊ?" मी म्हटलं, आमच्या भाऊचा.