दारावर तीन थापा

त्याला सगळे थापाडे म्हणत. आडनाव नव्हतं ते. रेडिओच्या नाटकांत दारावर पडणारी प्रत्येक थाप त्याच्या हातची, म्हणून कुणीतरी गमतीनं चिकटवलं आणि ते कायमचं चिकटलं. टेलिव्हिजनचा तरुण दिग्दर्शक तर ते आडनावच समजून ‘अहो थापाडे’ अशी हाक मारी, आणि त्याची चूक दाखवायची याची छाती होत नसे.

मूळचा हा सुतार. रेडिओ केंद्रातलं एक दार नीट करायला आला होता. हा दार ठोकून बघत असताना नाट्यविभागाच्या साहेबांनी तो आवाज ऐकला आणि माणूस ठेवूनच घेतला. त्याला बावीस वर्षं झाली. पोलिसाची थाप वेगळी, डॉक्टरची वेगळी, भांडून गेलेल्या भावाची तर फारच वेगळी. एका फळीवर हा माणूस एवढं सगळं करी, आणि घरी बायको विचारी, “तुम्हाला दुसरं येतं तरी काय?” दुसरं खरोखरच काही येत नव्हतं. सुतारकीसुद्धा हात विसरले होते.

आणि आता नाट्यविभागाला महिनाअखेर टाळं लागणार होतं. नटांतले चार-दोन टेलिव्हिजनवर जाणार, बाकीचे घरी. थापाडेला दिग्दर्शकानं एका नाटकापुरतं घेतलं होतं. जमलं तर कायम, नाही तर रामराम. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दारं ठोकायची नोकरी दुसरं कोण देणार? चार दिवस त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

नाटक जुनंच, रेडिओवर गाजलेलं. हरवलेल्या मुलाची वाट बघणारी आई. शेवटी दारावर तीन थापा पडतात, आई म्हणते, “आलास का रे बाळा?” आणि नाटक संपतं. ऐकणारे हुंदके देत. पत्रांचे गठ्ठे येत ते आईचं काम करणाऱ्या बाईंना. थापा मारणाऱ्याला कोण कशाला पत्र लिहितंय!

दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी त्या थापा कापल्या.

“मुलगा येत नाही. ती नुसती दाराकडे बघत बसते. तीस सेकंद. मग काळोख.”

“साहेब, एक तरी थाप ठेवा,” थापाडे अक्षरशः हात जोडून म्हणाला.

“अहो थापाडे, लोकांना आता तिचा चेहरा दिसणार आहे. तुम्ही घड्याळाची टिकटिक सांभाळा.”

तालमीत ते तीस सेकंद कधी झालेच नाहीत. तिथं आलं की दिग्दर्शक म्हणे, “इथे शांतता, कळलं ना? चला पुढे.” बाईंची चिंता वेगळीच होती. जन्मभर कागद हातात धरून बोललेल्या त्या. आता सगळं पाठ करायचं होतं. “मी अडले तर सांभाळून घे रे,” असं त्या थापाडेला दहादा म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी नाटक थेट सुरू झालं. सेटच्या खोट्या दारामागं थापाडे माइकपाशी बसला होता. समोर टिकटिकीचं यंत्र, मांडीवर फळी. फळी आणायला कुणी सांगितली नव्हती. त्याला बाई दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. सगळं सुरळीत चाललं. टिकटिक ठरलेल्या जागी थांबली.

आणि मग काहीच नाही.

रेडिओवर चार सेकंद आवाज गेला तर इंजिनिअर धावत येई. थापाडेनं मनात मोजलं. पाच. आठ. अकरा. बाई विसरल्या! बिचाऱ्या अडल्या! ठरलेली शांतता त्याच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. खोटं कशाला बोला, त्यात थोडा स्वार्थही होता. बावीस वर्षांच्या हाताला गप्प बसवत नव्हतं. त्यानं उठून फळी उभी केली आणि तीन थापा मारल्या. आयुष्यात इतक्या सुंदर थापा त्याच्या हातून पडल्या नव्हत्या.

बाईही रेडिओच्याच. थाप पडली म्हणजे मुलगा आला, एवढंच त्यांना ठाऊक. त्या उठल्या, धावल्या आणि त्यांनी ते दार उघडलं.

दारात थापाडे. चुरगळलेला सदरा, हातात फळी. कॅमेऱ्याचा लाल दिवा थेट त्याच्या तोंडावर.

“आलास का रे बाळा?” बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

एक शब्द पुरला असता. ‘आई’ म्हणाला असता तरी नाटक तरलं असतं, कदाचित तोही. त्यानं तोंड उघडलं. बावीस वर्षांत माइकपुढं त्याच्या तोंडातून एक अक्षर गेलं नव्हतं. आताही गेलं नाही. काचेपलीकडं दिग्दर्शक डोकं धरून उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थापाडेला झालं, आणि त्याचे पाय आपोआप हलू लागले.

रेडिओच्या नाटकात कुणी निघून गेलं की त्याच्या पावलांच्या आवाजासाठी थापाडे माइकपुढं जागच्या जागीच चालायचा. आधी जोरात, मग हळू, मग आणखी हळू. तसाच तो चालला. पावलं लांब गेली, पुसट झाली, ऐकू येईनाशी झाली. त्याच्या हिशेबानं तो गेला होता.

पण घराघरांतल्या पडद्यावर तो दारातच उभा होता, अख्खाच्या अख्खा, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.