शेंदराखालचा वीर

आमच्या देव्हाऱ्यात एक वीर आहे. बाकीचे देव चांदीचे टाक, हा मात्र शेंदराचा गोळा. लिंबाएवढा, वरून थोडा चपटा. दसऱ्याला तेलात कालवून नवा शेंदूर चढवायचा आणि पुढे नारळ फोडायचा. आत पणज्याचं पदक आहे, असं आजा सांगायचा. पणजा सत्तावन्न सालच्या बंडात लढला आणि खांद्यात गोळी घेऊन पालेगावला परत आला. शेंदराचा पहिला हात त्यानेच चढवला होता. आज्याची सक्त ताकीद होती, कवच आपोआप गळलं तर गळू दे, खरवडायचं कुणी नाही.

दुसरी ताकीद विहिरीची. आमच्या जमिनीत विहीर खणायची नाही. पणज्याने मरेपर्यंत विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाही. घरच्या बायका उन्हाळ्यात नदीपर्यंत पायपीट करायच्या, शेजारी हसायचे. आज्याने तरुणपणी एकदा विहिरीचा विषय काढला, तेव्हा पणजा एवढंच बोलला की झाशीकडे विहिरी माणसांनी भरलेल्या बघितल्यात, बायापोरं सुद्धा. त्यानंतर आज्याने तो विषय काढला नाही आणि कुणाला काढू दिला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण ही गोष्ट मी जन्मभर सांगितली. अंबरनाथच्या कारखान्यात डबा खाताना सांगितली, साहेब लोकांना सांगितली. गोऱ्यांनी आपली माणसं विहिरीत टाकली आणि माझा पणजा गोऱ्यांशी लढला. कुणी मला "ए म्हाताऱ्या" म्हटलं की मी विचारायचो, तुझ्या घरात वीर आहे का?

मग टॉवर आले. आमचं शेतही त्यात गेलं. आता तिथे राहणाऱ्यांना पालेगाव ठाऊक नाही, कॉम्प्लेक्सचं इंग्रजी नाव तेवढं ठाऊक. म्हणून पुतण्या बातमी घेऊन आला तेव्हा मला बरं वाटलं. तो पुढाऱ्यांच्या मागे फिरणारा माणूस.

"काका, रस्त्यावरच्या कमानीचं पास झालं. आपल्या पणजोबांचं नाव. वर 'क्रांतिवीर'."

"अक्षरं केवढी?"

"अकराव्या मजल्यावरून वाचता येतील."

"मग ठीक."

"फक्त ते पदक लागेल. उद्घाटनाला टेबलावर ठेवायचंय. पब्लिकला शेंदराचा गोळा काय दाखवणार? जरा साफ करून घ्या."

आज्याची ताकीद मला आठवत होती. पण आज्याच्या वेळी कमान नव्हती.

पदक मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नसतं. लाल फडक्यात बांधून स्वतः उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे एक सिंधी चांदीवाला आहे, आमच्या घरची पैंजण-जोडवी त्याच्याकडचीच. त्याने गोळा रॉकेलमध्ये ठेवला, मग सोड्याच्या गरम पाण्यात. थरावर थर सुटत गेले. पाणी रक्तासारखं झालं. चांदीवाला ब्रशने घासत म्हणाला, "साईं, इसमें तो शेर है. देवी है आपकी."

मी बघितलं. बाई उभी होती, मागे सिंह होता, ते खरं. पण तिच्या डोक्यावर शिपायाचा टोप होता. आपल्या देवीला मुकुट असतो. मी म्हटलं, पलटी कर. दुसऱ्या बाजूला नुसतं बाईचं डोकं. तिला मी लगेच ओळखलं. माझ्या आईच्या गळ्यात रुपयांची माळ होती, तिच्यात हीच बाई होती. राणीछाप, गोऱ्यांची राणी.

"बाजू में नाम भी लिखा है," चांदीवाला म्हणाला आणि कडेवरची इंग्रजी अक्षरं लावत बसला. गोऱ्याने वाकडंतिकडं लिहिलेलं, पण नाव पणज्याचंच. चांदीवाल्याने चहा मागवला. मी प्यायलो नाही.

बंडवाल्यांना पदक कोण देणार? त्यांना झाडाला टांगलं, तोफेच्या तोंडी बांधलं. एवढी साधी गोष्ट मला म्हातारा होईपर्यंत सुचली नाही. आज्याला सुचली असेल. म्हणूनच ताकीद असेल. रिक्षात बसलो तेव्हा फडकं मांडीवर होतं आणि डोक्यात एकच घोळत होतं. विहिरी भरलेल्या पणज्याने बघितल्या, तर तेव्हा तो उभा कुठे होता? आणि त्याच्या हातात काय होतं?

संध्याकाळी पुतण्याला सांगितलं, कमानीवर नाव नको.

तो ऐकून घेईना. "काका, तेव्हा सगळेच पलटणीत जायचे. पोटासाठी."

"मग तसं लिही. पोटासाठी लढला."

"असं कोण लिहितं?"

"मग काहीच लिहू नको."

"परत शेंदूर चढवा ना. कुणाला दिसतंय?"

"मला दिसलंय."

तो उठला, चपला घालता घालता थांबला. "कमान रिकामी राहणार नाही. बिल्डरच्या बापाचं नाव येईल. आपल्या जमिनीच्या तोंडावर. चालेल?"

चालणार नव्हतं. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी पणज्याला शिव्या देणार नाही. त्याच्या खांद्यातली गोळी खरी होती, ती त्याच्याबरोबर जळली. पण जे त्याने स्वतःच्या हाताने झाकलं, ते मी लाइट लावून रस्त्यावर टांगू?

"चालेल," मी म्हटलं.

कमान झाली. बिल्डरच्या बापाचं नाव आहे, अक्षरं मोठी आहेत. रिक्षावाले आता स्टॉपला त्याच नावाने ओळखतात. पुतण्या गणपतीलाही आला नाही. मुलगा आणि सून बोलतात माझ्याशी, पण जेवणापुरतं. मी रोज दूध आणायला त्या कमानीखालूनच जातो. वळसा घालणाऱ्यातला मी नाही.

दसऱ्याला सुनेने सवयीने शेंदूर कालवला. "लावू ना, बाबा?"

"नको."

पदक उघडंच ठेवलं. चांदी परत काळी पडायला लागलीय, बाईचा चेहरा पुसट झालाय. नारळ फोडला नाही. मी म्हटलं, नुसती पाण्याची वाटी ठेव. तिने ठेवली. मग म्हणाली, आज नळाला पाणी नाही, टॉवरच्या बोअरचं आणलंय.

ती बोअर आमच्याच शेतात मारलेली, म्हणजे विहीरच. मी वाटी उचलली आणि मोरीत ओतली. चपला घातल्या, कमानीखालून दुकानात गेलो, पाण्याची बाटली घेऊन आलो आणि वाटी भरून पणज्यापुढे ठेवली. बाटलीतलं पाणी कुठून काढतात, ते मी दुकानदाराला विचारलं नाही.