अमरावतीहून कलकत्त्याला, व्हाया अकोला

जिंकणाऱ्या टीमकडे किस्से फारसे नसतात. शील्ड मिळते, फोटो निघतो, हार वाळतात, विषय संपतो. हरणाऱ्यांचं तसं नसतं. एकेक वर्षाचा किस्सा दुसऱ्यावर साचत जातो, आणि म्हातारपणी दोन माणसं भेटली की पोत्याचं तोंड सुटतं. माझ्याकडे तर पोतं नाही, अख्खं गोदाम आहे! मी अमरावतीच्या टीमचा लेफ्ट हाफ होतो.

आधी आमची शिडी समजून घ्या. वऱ्हाडचे चार जिल्हे: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. ते आपसात खेळणार. त्यातला एक नागपूरला जाणार. नागपुरात जिंकला तर प्रांताचा मान. मग कलकत्त्याला चाचणी, आणि तिथून निवडलेली माणसं हिंदुस्थानच्या टीममधून बोटीत बसून परदेशी सामने खेळायला! कागदावर सोपं होतं. भानगड एवढीच की अकोला दरवर्षी आडवं यायचं. आमचा कॅप्टन गुलाबराव, काळ्या मातीतला धिप्पाड शेतकरी, म्हणायचा, "नागपूर आपल्या उगवतीले, कलकत्ता त्याच्याई पल्याड. अन् आपण दरसाल मावळतीले अकोल्याले जाऊन मार खाऊन राहिलो. काहून बाप्पा?"

*

पहिल्या वर्षीची गोष्ट. आमचे सेक्रेटरी होते एक वकील. त्यांना आम्ही वकीलसाहेबच म्हणायचो. कोर्टात बरे चालत, पण जीव सगळा फुटबॉलात. एका सकाळी ते आमचा गोलकीपर तुळशीराम याच्या मळ्यावर सायकल मारत आले आणि बांधावरूनच ओरडले, "तुळशीराम! पहिल्या फेरीत आपल्याला बाय मिळाली!"

तुळशीराम मेथीच्या जुड्या बांधत होता. त्याला कळायच्या आत त्याचे वडील मोटेवरून उतरून आले.

"कोणाची बाय?"

"अहो, आपल्या टीमला मिळाली. बुलढाण्याने नाव मागे घेतलं, खेळायचं काम नाही, थेट पुढच्या फेरीत!"

म्हातारा गंभीर झाला. "वकीलसाहेब, अकरा जणाईत एक बाय? आमी माळी माणसं आहोत. आमच्या पोराले या भानगडीत घेऊ नका!"

समजूत घालता घालता वकीलसाहेबांचा सबंध युक्तिवाद संपला. पण म्हातारा अगदीच चुकीचं बोलला नव्हता. न खेळता पुढे गेलो ना, त्यामुळे अंगात खेळ उरलाच नव्हता. पुढच्या फेरीत अकोल्याने पाच गोल चढवले. तुळशीराम घरी गेला तेव्हा वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, "सोडून गेली काय रे?"

*

एका वर्षी यवतमाळशी सामना होता. दोघांना मधलं ठिकाण म्हणून चांदूर रेल्वेचं मैदान ठरलं, स्टेशनाला लागून. रेफरी मिळेना. शेवटी स्टेशनात एक मालगाडी अडकून पडली होती, तिच्या गार्डसाहेबांनी होकार दिला. माणूस नियमाचा पक्का. शिट्टी त्यांच्याकडे घरचीच!

आम्ही एका गोलने मागे. शेवटची काही मिनिटं उरलेली आणि यवतमाळचे सगळे आपल्या गोलपुढे कोंडलेले. आमचा सेंटर फॉरवर्ड हबीब, इतवाऱ्यातला शिंपी. पायात बूट नाही, नुसत्या पट्ट्या बांधलेल्या. पण चेंडू त्याच्या पायाशी पाळलेल्या मांजरासारखा राहायचा. दोघांना चकवून त्याने पाय मागे घेतला.

तेवढ्यात तिकडे सिग्नल पडला.

गार्डसाहेबांनी मालगाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, लांब शिट्टी मारली आणि तारेचं कुंपण ओलांडून जे पळाले ते थेट डब्यात! हबीबचा चेंडू जाळीत गेला तेव्हा रेफरी हिरवी झेंडी दाखवत होते. झेंडी आम्हाला नव्हती, इंजिनाला होती.

वकीलसाहेब रुळांच्या कडेकडेने धावले. "गार्डसाहेब! गोल!"

डब्यातून आवाज आला, "शिट्टीच्या नंतरचा!"

*

नियम दरवर्षी बदलत. कधी हरला की बाहेर, कधी सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. तसल्या एका वर्षी आम्ही बुलढाण्याला हरवलं, यवतमाळला हरवलं, अकोल्याशी शून्य-शून्य. अकोल्यानेही बाकी दोघांना हरवलेलं. म्हणजे गुण सारखे. अशा वेळी गोलांची सरासरी बघायची. मारलेले गोल भागिले खाल्लेले गोल, ज्याचा आकडा मोठा तो पुढे.

अकोल्याने सात मारले होते, दोन खाल्ले होते. साडेतीन. आम्ही चार मारले होते आणि खाल्लेला एकही नाही. तुळशीरामने त्या वर्षी उभ्या वऱ्हाडात कोणाचा चेंडू आत जाऊ दिला नव्हता! आम्ही तर सामान बांधायला घेतलं.

कमिटीचे एक वयस्कर गृहस्थ हिशोबाला बसले. बराच वेळ पाटीवर पेन्सिल घासली आणि म्हणाले, "चाराला शून्याने भाग जात नाही. म्हणजे अमरावतीला सरासरीच नाही."

वकीलसाहेब उसळले, "अहो, अनंत येते! अनंत!"

"असं मोघम नको. अनंत म्हणजे नक्की किती? आकडा सांगा."

आकडा काही वकीलसाहेबांना सांगता आला नाही. साडेतीनवाले नागपूरला गेले.

तुळशीराम दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "मंग म्या एखादा आत जाऊ द्याचा होता काय?"



पुढच्या वर्षी तोच नियम. बुलढाण्याविरुद्ध आम्ही तीन गोलने पुढे होतो तेव्हा वकीलसाहेब गोलपोस्टमागे जाऊन कुजबुजले, "तुळशीराम, एक येऊ दे. सरासरीपुरता." आयुष्यात पहिल्यांदा त्याने समोरून आलेला चेंडू हात न लावता जाऊ दिला. बघवत नव्हतं. घरी आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवावं, तसा चेहरा झाला होता त्याचा.

शेवटच्या सामन्यात अकोल्याने त्याला एक रीतसर गोल मारला, आमचाही एक झाला. सरासरी काढली. अकोला पुढे. कितीने? तुळशीरामने जाऊ दिलेल्या त्या एकाने!

त्या पावसाळ्यात तो मळ्याबाहेर पडला नाही. बाजारात माल घेऊन त्याचा धाकटा भाऊ यायचा.

*

मग गुलाबरावचा रुपया.

सामना अकोल्याच्या मैदानावर, भर वैशाखात. जमीन अशी फाटलेली की भेगेत पाय जाईल. बरोबरी झाली, जादा वेळ झाला, तरी बरोबरी. दोन्हीकडची माणसं जीभ बाहेर काढून आडवी. नियम होता, नाणं उडवा.

रेफरीने रुपया उडवला. गुलाबराव ओरडला, "छापा!" रुपया उन्हात चमकला, खाली आला, एकदा टुणकन उडाला आणि सरळ भेगेत!

गुलाबराव पोटावर पडला, कोपरापर्यंत हात घातला. समोरून अकोल्याचा कॅप्टन पडला. दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली.

अकोलेवाला म्हणाला, "लागते काई हाताले?"

"नाई."

"दिसते काई?"

"आंधार दिसते."

रेफरीने दुसरा रुपया मागून घेतला. तो काटा पडला. आम्ही बाहेर.

गुलाबरावचं म्हणणं एकच, पहिला रुपया छापा होता. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन मैदानावर गेला, पण तिथल्या राखणदाराने खणू दिलं नाही. पुढे पाऊस पडला, भेगा मिटल्या. त्यानंतर गुलाबराव टीममध्ये होता तसाच खेळायचा, पण नाणं उडवायला मलाच पुढे करायचा. "तू जा नाना," म्हणायचा. "माह्या नशिबाचं त खाली गेलं."

*

तुम्ही म्हणाल, एकदा तरी जिंकलात की नाही? जिंकलो ना! एका वर्षी बुलढाणा, यवतमाळ, अकोला, तिघांना लोळवलं. बडनेऱ्याला गाडीत बसलो तेव्हा फलाटावर ताशा वाजत होता. तुळशीरामच्या वडिलांनी झेंडूची टोपलीच्या टोपली डब्यात रिकामी केली.

नागपुरात दुसऱ्या दिवशी आमच्यावर हरकत आली. कोणीतरी मुद्दा काढला, स्पर्धा मध्यप्रांताची आहे आणि वऱ्हाड तर निजामाचं! इंग्रज सरकारने ते निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेलं, कारभार तेवढा नागपूरचा. मग ही टीम आपल्या प्रांतातली कशी?

वकीलसाहेबांना वाटलं, आता आपली पाळी. काळा कोट घातला आणि दोन तास बोलले. तह, करार, पट्टा, ताबा, सगळं काढलं. कमिटी म्हणाली, "भाषण उत्तम झालं. पण तुम्ही हैदराबादकडून खेळा."

हा माणूस स्वतः हैदराबादला जाऊन आला. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि अदबीने सांगितलं, "जनाब, आपका सब कारोबार तो नागपूर में है. हम आपको कैसे खिलाएं?"

परतले ते थेट मैदानावर आले. आम्ही वाट बघत होतो. टोपी काढून बाकावर ठेवली, पुन्हा उचलली. हबीबनेच तोंड उघडलं. "वकीलसाहेब, नागपूरवाले म्हंतात निजामाचे. निजामवाले म्हंतात नागपूरचे. मंग आमी खेळाचं कोणाच्या घरून?"

तोवर स्पर्धा आटोपली होती. पुढे सरकारनेच प्रांताच्या नावाला 'आणि वऱ्हाड' असं शेपूट जोडलं आणि वाद मिटला. शेपूट जोडायच्या आत आमचे दोन चांगले खेळाडू वय झालं म्हणून बसले.

*

आता शेवटचा सांगतो. हा मी सहसा सांगत नाही.

त्या वर्षी नवाच नियम निघाला. वऱ्हाडात जो पहिला येईल, त्याचा सेंटर फॉरवर्ड सरळ कलकत्त्याच्या चाचणीला. मधे नागपूर नाही, काही नाही. सगळ्या अमरावतीला कळलं की हा नियम हबीबसाठीच झालाय. त्याचेही पाय आता थकायला लागले होते. केस कानशिलावर पांढरे. पुढच्या वर्षी हा धावेल, असं त्याची बायकोही म्हणत नव्हती. ट्रंक मात्र तिने आधीच आणून ठेवली होती. प्रवासाचा कोट त्याने स्वतःच शिवला होता.

शेवटचा सामना अकोल्याशी, आमच्याच मैदानावर. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. दुपारी उघडलं, मैदान भरलं, पण अकोल्याची टीम नाही! बातमी आली की मूर्तिजापूरच्या अलीकडे रुळाखालचा भराव वाहून गेलाय, गाडी अडकलीय.

रेफरी वाट बघून बघून थकला. नियम असा की समोरचा आला नाही तर हजर टीमने चेंडू मध्यावर ठेवायचा, शिट्टी झाली की पुढे न्यायचा आणि रिकाम्या गोलमध्ये मारायचा. तो गोल लिहिला गेला की सामना तुमचा.

वकीलसाहेबांनी स्वतःच चेंडू मध्यावर नेऊन ठेवला. "हबीब, तूच मार बाबा. तुझाच आहे हा."

हबीबने पायाच्या पट्ट्या घट्ट केल्या. शिट्टी झाली. तो चेंडू घेऊन निघाला. समोर कोणी नाही. चिखलातून एकटा माणूस चाललाय. गोलपाशी पोचला, थांबला, वर बघितलं. मग मारला.

पोस्टच्या बाहेर. चांगला हातभर बाहेर!

आधी लोक हसले. रेफरीला वाटलं पाय घसरला. सज्जन माणूस, म्हणाला, "माझी शिट्टी नीट वाजली नव्हती. पुन्हा घ्या."

पुन्हा चेंडू मध्यावर. गुलाबराव ओरडला, "अबे नुसता ढकल!" तुळशीराम तर आमच्या गोलमधून धावत मध्यापर्यंत आला. हबीब पुन्हा निघाला, पुन्हा थांबला आणि चेंडू आडव्या दांडीवरून पार पलीकडे बाभळीत घातला.

आता कोणी हसलं नाही. रेफरीने तिसऱ्यांदा चेंडू मागवला तोच मैदानाच्या टोकाला आरडाओरडा झाला. बैलगाड्यांतून, गुडघ्याएवढ्या चिखलाने माखलेली अकोल्याची टीम उतरत होती. रुळांवरून पायी चालत, मग मिळेल त्या गाडीत बसून आले होते बिचारे.

सामना दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. हबीब त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नाही. दोनदा चेंडू दांडीला लागून परत आला. अकोल्याने एक मारला, तो पुरला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड कलकत्त्याला गेला. हबीब त्यानंतर कुठल्याच चाचणीला गेला नाही.

लोक पांगले. गुलाबराव बैलगाडी जुंपून निघून गेला. हबीब मैदानाच्या कडेला बसून पायाच्या पट्ट्या सोडत होता. वकीलसाहेब त्याच्याशी कालपासून एक शब्द बोलले नव्हते. आता ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. रागावतील असं मला वाटलं, पण ते त्याच्यापुढे चिखलातच उकिडवे बसले.

"हबीब... काल रिकामा गोल होता रे."

हबीबने चिखलाची पट्टी पिळली, नीट घडी केली आणि मान वर न करता म्हणाला,

"हो ना वकीलसाहेब. कोणीच नवतं."