अंगठ्याखालची गाठ
परवा कुणीतरी सुकेळी आणली आणि त्या गोड वासानं थोरल्या जाऊबाई आठवल्या. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी लग्न होऊन भुईगावच्या वाडीत आले. उन्हात वाळवलेलं केळं अंगठ्यानं दाबून आत कच्ची गाठ उरली का, हे ओळखायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या गळ्याच्या ग्रंथीतली कॅन्सरची गाठ मुंबईत कापून वर्ष झालं होतं. एका दुपारी सुकेळी वाळल्या पानात बांधताना त्यांनी पदर सारला आणि माझा अंगठा व्रणाशेजारी टेकवला. ‘‘बघ गं.’’ कातडीखाली वाटाण्याएवढं टणक काहीतरी होतं. ‘‘टाक्याची गाठ असेल, ताई.’’ त्या हसल्या. ‘‘या अंगठ्याला मीच शिकवलंय. तो नाही चुकायचा.’’ मग त्यांनी पुढचं केळं माझ्याकडे सरकवलं. ते मी न दाबताच बांधलं.