दुसरी चकती

छापखान्यात तिला सगळे अक्का म्हणत. मालकसुद्धा, आणि तो तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा. अक्षरजुळणीचा कॉम्प्युटर, त्याला वायरीनं जोडलेला निळा खोका आणि त्या खोक्यात घालायच्या-काढायच्या चकत्या, एवढं तिचं राज्य. गिऱ्हाईक काम चकतीवर भरून आणायचं, अक्का ती खोक्यात सरकवायची. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी दम भरायची, "खोका टकटक करायला लागला की वायर उपसायची. दुसरी चकती घालून बघाल तर गाठ माझ्याशी आहे! डोकं फिरलेलं असतं त्याचं, घालाल ती चकती ओरबाडतो, आतलं सगळं जातं."

आणि नेमकं तेच तिनं केलं.

चकत्या तिच्या थोरल्या जावेच्या होत्या. थोरली एका कारखानदारासाठी चादरींवरची नक्षी काढायची. नजर दिवसेंदिवस मंदावत चालली, तशी तिनं उसना कॉम्प्युटर आणून, पडद्याला नाक लावून सगळी नक्षी पुरी केली. एक चकती कामाची, एक तिचीच नक्कल, राखणीची. दोन्ही धाकटीच्या हातात ठेवून म्हणाली, "डोळे गेले तरी एवढं राहील बघ माझं." आतलं सगळं पुसून कॉम्प्युटर ज्याचा त्याला परत गेला.

छापखान्यात नक्षी छापून घ्यायला पहिली चकती खोक्यात गेली. टक. टक. टक. अक्काचं धाबं दणाणलं. बिघडलंय काय, चकती की खोका? एवढंच कळावं म्हणून हात दुसऱ्या चकतीकडे गेला. अक्कल मागाहून आली, तोवर दुसरीही टकटकत होती.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "जाऊबाई, चकत्या उघडत नाहीत हो."

"मीच काहीतरी उलटसुलट दाबलं असणार," थोरली म्हणाली. "दिसतंय कुठं मला! माती खाल्ली गं मी."

"असू द्या," अक्का म्हणाली आणि ताटं वाढायला घेतली.

थोरलीचा आपल्या हातांवरचा विश्वासच उडाला. "धाकटे, मीठ दोनदा तर नाही पडलं? गॅस बंद केलाय का बघ गं." अक्का उठायची, बघायची. गॅस बंदच असायचा.

मग चादरीच्या कारखानदारानं बोलावलं. दोघी गेल्या. थोरलीनं हात जोडले, "चूक माझी, साहेब. आंधळीनं या फंदात पडूच नये."

"त्यांची नाही," अक्काच्या तोंडून निघून गेलं. "दोन्ही मी घालवल्या. त्यांनी भरलेलं चांगलं होतं."

कारखानदार काय बोलला ते अक्काच्या कानात शिरलंच नाही. बाहेर जिन्यावर थोरली थांबली.

"सगळं नीट भरलं होतं मी?"

"हो."

"आणि तू मला गॅस बघून सांगत होतीस?"

अक्कानं तिला उतरवायला हात पुढे केला.

"राहू दे. मला येतं," थोरली म्हणाली, आणि भिंत चाचपत एकटीच खाली उतरू लागली.